पस्तीस वाव पाणी

२९ ऑगस्ट १७८२ ची सकाळ. पोर्ट्‌समथबाहेर स्पिटहेडला, जिथं ब्रिटिश आरमार नांगर टाकून उभं असे, तिथं ‘रॉयल जॉर्ज’ नावाचं शंभर तोफांचं जहाज मुद्दाम एका कुशीवर कलतं केलेलं होतं. पाण्याच्या पातळीखालचा एक नळ दुरुस्त करायचा होता, एवढंच निमित्त. खलाशांना भेटायला आलेली बायकापोरं, सामान विकायला आलेले फेरीवाले असे सगळे जहाजावर. कललेल्या बाजूच्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांतून पाणी आत यायला लागलं आणि कुणाला नीट उमजायच्या आत जहाज तळाला गेलं. ॲडमिरल केम्पनफेल्ट जहाजाबरोबरच गेला. बुडालेल्यांचा आकडा आठशेच्या वरच धरतात.

जहाज गेलं, पण जागा सोडेना. बारा-चौदा वाव पाण्यात (एक वाव म्हणजे सहा फूट), आरमाराच्या ऐन नांगरतळावर तो सांगाडा पन्नासहून जास्त वर्षं आडवा पडून होता. नांगर त्यात अडकत, दोर तुटत. वर काढायचे प्रयत्न झाले आणि फसले. खाली माणूस पाठवायचा तर तोवर एकच खात्रीचा मार्ग होता, डायव्हिंग बेल. उपडी घातलेली ही अवजड घंटा साखळीने खाली सोडायची आणि आत कोंडलेल्या हवेवर माणसांनी काम करायचं. हॅलीने, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्यानेच, सतराव्या शतकाच्या शेवटी अशा घंटेत शिसं लावलेल्या पिंपांतून ताजी हवा पोचवली होती. पुढे शंभरेक वर्षांनी जॉन स्मीटन या इंजिनिअरने रॅम्सगेटच्या बंदराच्या कामावर घंटेला पंप जोडला आणि पिंपांची ये-जा संपवली. माणसाने वर हात चालवायचा आणि खालच्या माणसाने श्वास घ्यायचा, हे नातं तिथपासून सुरू होतं. पण घंटेतला माणूस घंटेएवढ्याच जागेत. बुडालेल्या जहाजाच्या तुळयांमधून वाट काढायला तो बाहेर येणार कसा?

इथं डीन बंधू येतात. चार्ल्स डीनने १८२३ साली पेटंट घेतलं ते पाण्यासाठी नव्हतंच. धुराने भरलेल्या जागेत शिरणाऱ्या माणसासाठी ते शिरस्त्राण होतं, मागून नळीने हवा भरायची सोय असलेलं. त्याच्या भावाबद्दल, जॉन डीनबद्दल, एक गोष्ट सांगतात. तबेल्याला आग लागलेली, आत घोडे अडकलेले. जॉनने जुन्या चिलखताचा टोप डोक्यावर चढवला, त्यात आगीच्या बंबाची नळी खुपसली, पाण्याऐवजी हवा मारायला सांगितली आणि घोडे बाहेर काढले. गोष्ट इतकी गोळीबंद आहे की मला तिचा संशयच येतो. खरं एवढं, की धुरासाठी केलेली ही टोपी त्या भावांनी काही वर्षांत पाण्यात नेली. ती बांधून दिली लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस झीबे या जर्मन कारागिराने. झीबे सॅक्सनीचा, तोफखान्यात नोकरी केलेला, पितळेच्या कामात हात बसलेला. पंप, झडपा, तराजू असलं सगळं तो करी.

डीनचं शिरस्त्राण खालून उघडं होतं. कमरेपर्यंतच्या जाकिटात हवा भरायची आणि जास्तीची हवा खालच्या काठातून बुडबुडत निघून जायची. माणूस सरळ उभा आहे तोवर ठीक. वाकला, तोल गेला, आडवा पडला, की पाणी तोंडापर्यंत. तरीही याच साधनावर जॉन डीनने ‘रॉयल जॉर्ज’च्या तोफा वर आणल्या, आणि १८३६ साली कोळ्यांची जाळी कशात अडकतात ते बघायला उतरला तेव्हा आठव्या हेन्रीच्या ‘मेरी रोझ’ या बुडालेल्या जहाजाचा ठावठिकाणा त्याला लागला.

१८३९ मध्ये काम लष्कराकडे गेलं. कर्नल चार्ल्स पास्ली, रॉयल इंजिनिअर्स. माणूस शिस्तीचा आणि सुरुंगांचा शौकीन. त्याने दारूची पिंपं लावून सांगाड्याचे तुकडे करायचे आणि पाणबुड्यांनी ते दोराला बांधून वर पाठवायचे असा धडाका लावला. त्याच्या तळावर झीबेचा बंद पोशाख पक्का ठरला. मानेपासून पायांपर्यंत अखंड, पाणी न शिरणारा, मनगटाशी घट्ट, टोपाला जास्तीची हवा सोडणारी झडप. आता माणूस ओणवा झाला तरी बुडत नव्हता. शिपाईगडी पाणबुडे झाले, आणि इतके सरावले की १८४२ मध्ये जोन्स आणि गर्व्हन या दोघांची तळावर, खऱ्या अर्थाने समुद्राच्या तळावर, एका तुळईवरून जुंपली. दोघेही म्हणत ती माझी. जोन्सची लाथ गर्व्हनच्या टोपाच्या काचेवर बसली, पाणी आत घुसलं, आणि वेळेवर वर ओढला म्हणून गर्व्हन वाचला. पुढे दोघांची गट्टी जमली म्हणतात.

यापेक्षा भयंकर एक गोष्ट त्याच तळावर कळली. हवेची नळी वरच्या बाजूला फुटली तर काय होतं? खालच्या टोपातली दाबाखालची हवा त्या नळीतून वर निसटते आणि बाहेरचं पाणी पोशाखाला चारी बाजूंनी आत रेटतं. दहा मीटरवर हा रेटा दर चौरस सेंटिमीटरला किलोभर. पोशाख मऊ, टोप कडक. म्हणजे अख्खा माणूस टोपात कोंबला जाऊ लागतो. डोळ्या-नाकातून रक्त येतं, चेहरा आणि मान काळीनिळी होऊन सुजते. उपाय अगदी छोटा निघाला. नळी टोपाला जिथं मिळते तिथं एक एकमार्गी झडप बसवली. हवा आत येईल, उलटी जाणार नाही. त्यानंतर नळी फुटली तरी टोपात असलेल्या हवेवर माणसाला वर काढण्यापुरता अवधी मिळू लागला.

आता वर, बोटीच्या फळ्यांवर, जे होतं ते जवळून पाहू. सागवानी किंवा महोगनीची, पितळी पट्ट्या मारलेली, माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढी पेटी. आत दोन किंवा तीन उभे सिलिंडर, त्यांत खालीवर होणारे दट्टे, आणि दट्ट्यांना कातड्याचे वॉशर. वरून एक वाकडा दांडा आडवा जातो, त्याच्या दोन टोकांना पेटीबाहेर दोन मोठी चाकं आणि चाकांना लांब मुठी, म्हणजे एका मुठीला दोघा-तिघांना हात घालता येईल. समोर काचेआड गेज. त्यावर एका बाजूला दाबाचे पौंड, दुसऱ्या बाजूला खोलीचे फूट. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचं बूड हाताला चटका देतं, तसंच इथं होतं, फक्त कितीतरी पटीने. म्हणून सिलिंडरांभोवती पाण्याची टाकी ठेवून ते गार राखावे लागत. नाहीतर खालच्या माणसाला तापलेल्या कातड्या-तेलाच्या वासाची गरम हवा मिळे. फ्रान्समध्ये रुकेरॉल आणि दनेरूझ यांनी उलटी युक्ती केली. त्यांच्या पंपात दट्टे स्थिर आणि सिलिंडरच खालीवर हलत, आणि दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवून ते गळती बंद करत. मला ती युक्ती फार हुशारीची वाटते. पण जगभरच्या बंदरांत चाललं ते झीबेच्या घराण्याचं चाकाचं मॉडेल.

चाक थांबवायचं नाही, हा पहिला नियम. घाईही करायची नाही. मिनिटाला तीसेक फेरे, एका लयीत. खाली टोपात दट्ट्याचा प्रत्येक ठोका नळीतून ऐकू येतो. लय बिघडली की खालच्याला ते वरच्यांच्या आधी कळतं. त्याच्या छाती-पाठीवर शिशाची वजनं, पायांत शिशाच्या तळाचे बूट, सगळा सरंजाम ऐंशी किलोंच्या घरात. तो स्वतःहून वर येऊ शकत नाही असं नाही, पोशाख फुगवून तो तरंगू शकतो. पण ते धोक्याचं, आणि त्यालाही हवाच लागते. बोलणं व्हायचं ते दोरीने. एक हिसका, दोन हिसके, अशी ठरलेली भाषा.

उथळ पाण्यात हे सगळं बिनबोभाट चालतं. घोळ होतो तो खोल जाताना, आणि त्या घोळाचं गणित पन्नास-साठ वर्षं कुणी मांडलं नव्हतं. ते मांडून बघण्यासारखं आहे. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसवर तिप्पट. खालच्या माणसाच्या टोपात तेवढीच घनफूट हवा खेळती ठेवायची तर वर दुप्पट, तिप्पट हवा पंपात घ्यावी लागते. मिनिटाला दीड घनफूट, म्हणजे बेचाळीस लिटरच्या आसपास, ही त्याची गरज धरली, तर दहा मीटरवर वरच्यांनी तीन घनफूट हवा ओढायची आणि पस्तीस वावांवर, चौसष्ट मीटरवर, अकरा घनफूट. बरं, हवा जास्त आहे एवढंच नाही, ती प्रत्येक वेळी जास्त जोराने दाबावीही लागते. दोन्हींचा गुणाकार केला तर दहा मीटरसाठी साधारण शंभर वॅटचं काम होतं, आणि पस्तीस वावांसाठी एक हजाराच्या वर. तेही पंप कुठं गळत नाही, कुठं घासत नाही असं धरून. धडधाकट गडी बराच वेळ सलग राबला तर पाऊणशे वॅट देतो. दहा मीटरवर दोघांत भागतं. पस्तीस वावांवर चौदा जण लागतील, आणि लाकडी पेटीच्या दोन मुठींना चौदा माणसं चिकटणार कशी?

म्हणजे पाणबुड्या किती खोल जाईल हे त्याच्या छातीवर ठरत नव्हतं. ते वरच्यांच्या दंडांवर ठरत होतं. पण श्रेय आणि दोष, दोन्ही जायचे खालच्याच्या नावे. खोल पाण्यात तो धापा टाकू लागला, त्याचं डोकं गरगरू लागलं, काम अर्धवट टाकून त्याने वर ओढायची खूण केली, की लोक म्हणायचे, याचा दम नाही. ज्याला दम होता तो नाव काढायचा. अलेक्झांडर लॅम्बर्ट हा तसा. १८८५ साली कॅनरी बेटांपाशी बुडालेल्या ‘अल्फान्सो बारावा’ या स्पॅनिश जहाजातून त्याने सत्तावीस वावांवरून सोन्याच्या पेट्या काढल्या, आणि त्या मोबदल्यात शरीर कायमचं अधू करून घेतलं. याच लॅम्बर्टला १८८० मध्ये सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात, पाणी भरलेलं असताना, एक लोखंडी दार बंद करायला पाठवलं होतं. हजारभर फूट अंधारात चालत जायचं. दोन सोबती मागून नळी सारत होते, तरी ती बोगद्याच्या छताला तरंगत जाऊन इतकी ओढू लागली की हा बलदंड गडी दारापासून थोड्या अंतरावरून परत फिरला. शेवटी नळी नसलेलं, पाठीवर प्राणवायूची टाकी घ्यायचं फ्लूसचं नवं साधन बांधून त्याने ते दार लावलं. नळीपासून सुटका करणारं साधन असं होतं. पण शुद्ध प्राणवायू खोल पाण्यात विषासारखा वागतो, त्यामुळे खोलात जायला पंपाशिवाय गत्यंतर नव्हतं.

या पंपाने सर्वांत जास्त घरं उजाड केली ती ग्रीसच्या बेटांवर. सिमी, कालिम्नोस इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हातात सपाट दगड धरून, श्वास रोखून स्पंज काढायला उडी घ्यायचे. १८६० च्या दशकात टोप आणि पंप आले. उडीच्या एक-दोन मिनिटांऐवजी आता तळावर फिरता येऊ लागलं, आणि मग मालकांची भूकही तळाला भिडली. वर येताना सांधे धरायचे, पाय लुळे पडायचे, काही जण बोटीवरच मरायचे. १९०० च्या वसंतात दिमित्रिओस कोंदोसची सिमीची बोट वाऱ्यामुळे अँटिकिथेरा बेटाच्या आडोशाला थांबली. एलियास स्तादियातिस खाली गेला आणि लगेच वर येऊन बरळू लागला की खाली माणसांची आणि घोड्यांची प्रेतं पडली आहेत. ते पुतळे होते. ग्रीक सरकारच्या देखरेखीखाली त्याच स्पंजवाल्यांनी पन्नासेक मीटर खोलीवरून, दर बुडीला पाचेक मिनिटांचं काम असं करत, ते पुतळे आणि भांडीकुंडी वर काढली. त्यात एक जण मेला, दोघे कायमचे पंगू झाले. दातेरी चाकांचं जे गंजकं ढेकूळ पुढे जगातलं सर्वांत जुनं खगोलयंत्र म्हणून गाजलं, ते याच मालात होतं. १९०२ मध्ये संग्रहालयात कुणाचं तरी लक्ष गेलं तोवर ते तसंच पडून होतं.

१९०५ साली ब्रिटिश नौदलाने खोल पाण्यातल्या बुडीसाठी समिती नेमली आणि जॉन स्कॉट हाल्डेन यांना त्यात घेतलं. हाल्डेन ऑक्सफर्डचे शरीरशास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत स्फोटानंतर माणसं कशाने मरतात हे शोधायला ते स्वतः खाणीत उतरले होते. खाणकामगारांनी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी न्यावा ही सूचनाही त्यांचीच. विषारी हवा आधी स्वतः हुंगून बघायची, मग लिहायचं, अशी त्यांची रीत. नौदलाला वाटत होतं की प्रश्न पाणबुड्यांच्या प्रकृतीचा आहे. हाल्डेननी आधी टोपातली हवा बाटलीत भरून आणवली.

बाटलीत भरपूर कार्बन डायऑक्साइड निघाला. माणूस जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो धुऊन न्यायला पुरेशी ताजी हवा खाली पोचतच नव्हती. त्यातही एक मेख होती. शरीराला हवेतली टक्केवारी कळत नाही, त्या वायूचा स्वतःचा दाब कळतो. वर जमिनीवर तीन टक्क्यांनी माणूस धापा टाकतो. सहा वातावरणांच्या दाबाखाली अर्धा टक्काही तेवढीच धाप लावतो. तेव्हा जो ‘दम नसलेला’ पाणबुड्या होता, तो प्रत्यक्षात स्वतःच्याच उच्छ्वासात गुदमरत होता.

मग हाल्डेन पंपाकडे वळले, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत शहाणपणाचा क्षण. पंपावरचं गेज चोख चालत होतं. खोली ऐंशी फूट, काटा ऐंशीवर. पण तो काटा दाखवत होता पाण्याचा दाब. नळीत तेवढा दाब असल्याशिवाय हवा बाहेर पडणारच नाही, म्हणून काटा तिथं जाणारच. किती हवा खाली पोचते आहे, याबद्दल तो काटा एक अक्षर बोलत नव्हता. त्यांनी पंपातून पलीकडे निघणारी हवा मोजली. उथळ पाण्याच्या दाबाला पंप ठीक होते. दाब चढवला की वॉशरच्या कडेने हवा निसटत होती. जितका दाब जास्त तितकी गळती जास्त. म्हणजे सर्वांत जास्त हवा जिथं हवी तिथंच पंप सर्वांत जास्त चोरी करत होता. वर गडी घामाघूम होऊन चाक फिरवत आहेत, काटा बरोबर जागी आहे, सगळे कर्तव्यदक्ष आहेत, आणि खाली माणूस गुदमरतो आहे. कातड्याचे वॉशर सुकले होते, झिजले होते; ते बदला, पंप वेळोवेळी असे मोजून तपासा, आणि माणसाला त्या खोलीच्या दाबाने मोजून मिनिटाला दीड घनफूट हवा द्या, मग खोली काही का असेना. नियम एवढाच. खोल जायचं तर दोन पंप एका नळीला जोडा, प्रत्येकावर सहा जण लावा आणि त्यांना थोड्या थोड्या मिनिटांनी बदला.

हवा पुरेशी मिळायला लागली की दुसरं संकट वर डोकं काढणार होतंच. गळका पंप नकळत एक उपकार करत होता. धाप लागून माणूस लवकर वर यायचा. आता तो आरामात खाली राहू शकणार, आणि जितका जास्त राहील तितका नायट्रोजन त्याच्या रक्तात आणि चरबीत मुरणार. वर येताना तोच वायू बुडबुडे होऊन फसफसतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच सिद्ध केलं होतं. त्यावर रूढ सल्ला होता, एकसारखं सावकाश वर या. हाल्डेननी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या पोलादी खोलीत शेळ्या कोंडून दाबाचे प्रयोग केले. सांधा धरलेली शेळी पुढचा एक पाय उचलून धरते, त्यामुळे निदान सोपं. त्यांना दिसलं की एकूण दाब निम्म्यावर आणेपर्यंत धोका फारसा नसतो, मग तो सहा वातावरणांवरून तीनवर आणा किंवा दोनवरून एकवर. तेव्हा निम्म्या दाबापर्यंत झटकन वर यावं, मग टप्प्याटप्प्याने थांबत. जुन्या सल्ल्याप्रमाणे सावकाश येणारा माणूस खोलात उगाच वेळ काढून आणखी नायट्रोजन भरून घेत होता.

या साऱ्याची कसोटी १९०६ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लागली. ‘स्पँकर’ नावाची नौदलाची बोट, रोथसे गावाजवळचं पाणी, आणि लॉख स्ट्रिव्हन ही डोंगरात शिरलेली खोल खाडी. उतरणारे दोघे: लेफ्टनंट गायबन डॅमंट आणि गनर कॅटो. दोघेही आधी शेळ्यांच्या खोलीत बसून दाब सोसून आलेले. डेकवर पंप जोडलेले, खलाशांच्या टोळ्या पाळीने चाकावर. त्या महिन्यात ते दोघे पस्तीस वावांपर्यंत, दोनशे दहा फुटांपर्यंत गेले आणि धड वर आले. त्या काळी इतक्या खोलीवर कुणी काम करून परतलं नव्हतं. वर गणिताप्रमाणे एक किलोवॅट आणि गळतीचं वेगळं, हे सगळं माणसांच्या हातांनी निघत होतं. तरणेताठे नौसैनिक काही मिनिटांत गळून बाजूला होत आणि दुसरे त्यांच्या मुठी धरत. खाली आणखी खोली होती, पण तिथवर हवा रेटणारे वरचे हात संपत आले होते. हातपंपाची हद्द तिथं आली.

त्याच सफरीत हाल्डेननी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पोशाख चढवून थोड्या खोलीवर सोडलं. पोशाख मोठ्या माणसाचा, मनगटाशी सैल, त्यातून पाणी शिरत गेलं. पोरगा घाबरला नाही. झडप फिरवून पाणी वर चढू न देता राहिला आणि बऱ्यापैकी भिजून बाहेर आला. आजच्या पालकांना हे वाचून घाम फुटेल. हा पोरगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन, आनुवंशशास्त्रातलं मोठं नाव, ज्यांनी १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कोलकाता गाठलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला देह ठेवला. दुसऱ्या महायुद्धात तेही पाणबुड्यांच्या हवेवर संशोधन करत होते आणि बापासारखेच पोलादी खोलीत स्वतःच जाऊन बसत होते.

समितीचा अहवाल १९०७ मध्ये आला, शेळ्यांचा शोधनिबंध १९०८ मध्ये. थांबे घेत वर येण्याची कोष्टकं जगभरच्या नौदलांनी उचलली. डॅमंटने पुढे १९१७ ते १९२४ या काळात आयर्लंडच्या उत्तरेला बुडालेल्या ‘लॉरेंटिक’मधून सोन्याच्या ३,२११ विटांपैकी ३,१८६ काढल्या, चाळीस मीटर खोलीवरून, आणि एकही पाणबुड्या गमावला नाही. खोल कामासाठी वाफेचे आणि पेट्रोलचे कॉम्प्रेसर, दाबून भरलेल्या हवेच्या टाक्या आल्या. १९१५ मध्ये होनोलुलूपाशी बुडालेल्या अमेरिकन ‘एफ-४’ पाणबुडीपर्यंत लोक तीनशे फुटांच्या खाली पोचले ते अशाच साठवलेल्या हवेवर.

पण हातपंप अडगळीत गेला नाही. जिथं खोली थोडी आणि काम फार, तिथं तो कॉम्प्रेसरपेक्षा बरा. आवाज नाही, धूर नाही, बिघडला तर वॉशर बदलला की पुन्हा चालू. बंदरांच्या भिंती, गोद्यांची दारं, जहाजांची बुडं, सगळीकडे तो अनेक दशकं टिकला. त्याचं सर्वांत लांबलेलं काम मात्र समुद्रापासून दूर झालं. ‘स्पँकर’वर टोळ्या चाक ओढत होत्या त्याच १९०६ साली दक्षिण इंग्लंडमधल्या विंचेस्टरचं मध्ययुगीन कॅथीड्रल खचायला लागलं होतं. पाया ओल्या, कुजक्या मातीवर, आणि खाली खड्डा खणला की पाणी. उपसून काढावं तर भिंतीखालची मातीच वाहून जाईल. इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्स यांनी ठरवलं, पाणी राहू द्या, त्यातच माणूस उतरवा. विल्यम वॉकर नावाचा अनुभवी पाणबुड्या बोलावला.

वॉकरने १९०६ ते १९११ अशी पाच-साडेपाच वर्षं रोज सहाएक तास त्या काळ्या पाण्यात काढली. खोली जास्तीत जास्त सहा मीटर. उजेड शून्य, सगळं हाताने चाचपून. काँक्रीटच्या पिशव्या खड्ड्याच्या तळाशी पसरायच्या, कापून मोकळ्या करायच्या, की त्या जमून तळ बंद व्हायचा. मग पाणी उपसून गवंडी उतरायचे. असे दोनशे पस्तीस खड्डे, पंचवीस हजारांवर पिशव्या. जेवायच्या सुट्टीत तो फक्त टोप काढायचा, पोशाख तसाच ठेवायचा आणि पाइप ओढत बसायचा. आणि तो पाण्यात असेतोवर वर दोन जण चाकावर. सहा मीटरला तेवढे पुरतात, काम हलकं; पण मिनिटाला तीस फेरे या हिशेबाने दिवसाचे दहा हजार, तेही वर्षानुवर्षं.

१५ जुलै १९१२ ला आभाराची प्रार्थना झाली तेव्हा पाचवा जॉर्ज स्वतः आला, आणि वॉकरला राजाकडून किताब मिळाला. १९१८ च्या फ्लूच्या साथीत वॉकर गेला. १९६४ मध्ये कॅथीड्रलमध्ये त्याचा छोटा पुतळा बसवला, पण शिल्पकाराला नमुन्यासाठी फोटो भलत्याच माणसाचा मिळाला होता. पोशाख पाणबुड्याचा, चेहरा फॉक्ससाहेबांचा. सदतीस वर्षं येणारे-जाणारे इंजिनिअरला पाणबुड्या समजून पाहत होते. २००१ साली तो काढून वॉकरच्या चेहऱ्याचा नवा पुतळा तिथं बसवला.